कुर्ल्याची वीज कोणाची? १९४३ सालचा एक प्रश्न अजून उत्तर मागतोय

३ फेब्रुवारी २०२५ ला मुंबईच्या विजेवर चालणाऱ्या गाडीला शंभर वर्षे झाली. वर्तमानपत्रांनी जुने फोटो छापले, रेल्वेने सोहळे केले. ती पहिली गाडी बोरीबंदरहून सुटून कुठे आली होती? कुर्ल्याला. हार्बर मार्गाने, ३ फेब्रुवारी १९२५ रोजी. म्हणजे या देशात विजेची गाडी पहिल्यांदा जिथे येऊन थांबली ते स्टेशन आपलं आहे. सोहळ्याच्या बातम्यांत हे वाक्य होतं, पण कुर्ल्यात त्या गाडीभोवती कोण राबत होतं याबद्दल अवाक्षर नव्हतं.

ते आपल्याला बाबासाहेबांनी सांगून ठेवलंय. १२ आणि १३ फेब्रुवारी १९३८ ला मनमाडला जी.आय.पी. रेल्वेतल्या अस्पृश्य कामगारांची परिषद भरली. ब्राह्मणशाही आणि भांडवलशाही हे कामगारांचे दोन शत्रू, ही मांडणी त्याच भाषणातली. ती आपण पोस्टरवर छापतो. पोस्टरवर न मावणारा भाग जास्त महत्त्वाचा आहे. अस्पृश्य माणूस रेल्वेत बहुतेक गँगमनच राहतो, त्याला साधा पोर्टरसुद्धा करत नाहीत, कारण पोर्टरला स्टेशनमास्तरच्या घरचं काम करावं लागतं आणि स्टेशनमास्तर सवर्ण असतो, हे त्यांनी तिथे तपशिलात सांगितलं. नवं यंत्र आलं, नवी शक्ती आली, तरी मालकी आणि वर्गवारी जुनीच राहिली तर आपल्या वाट्याला रुळावरची खडीच येते. हे लक्षात ठेवून पुढे वाचावं.

आम्ही कुर्ल्यात दर रविवारी विहारात अभ्यासवर्ग घेतो. मागच्या उन्हाळ्यात एक आयटीआय शिकणारा मुलगा घरचं विजेचं बिल घेऊन आला आणि म्हणाला, "दादा, बाबासाहेबांकडे वीजखातं होतं म्हणता, मग आमच्या आईला हे बिल कळत का नाही?" सगळे हसले. पण त्या बिलात स्थिर आकार होता, वहन आकार होता, इंधन समायोजन आकार होता, आणि वर्गात बसलेल्या पंधरा जणांपैकी, आमच्यासकट, वहन आकार म्हणजे काय हे कोणालाच नीट सांगता आलं नाही. एम.ए. समाजशास्त्र करून आम्ही तिथे गप्प बसलो. हा लेख त्या रविवारचं राहिलेलं उत्तर आहे.

आधी बाबासाहेबांचं. जुलै १९४२ ते जून १९४६ ते व्हाइसरॉयच्या मंत्रिमंडळात मजूरमंत्री होते. त्या खात्यात फक्त कामगार नव्हते. पाटबंधारे आणि वीजही त्यातच होती. २५ ऑक्टोबर १९४३ ला युद्धोत्तर पुनर्रचनेसाठी नेमलेल्या धोरण समितीसमोर ते विजेवर बोलले. स्वस्त आणि मुबलक वीज नसेल तर औद्योगिकीकरण होणार नाही आणि औद्योगिकीकरणाशिवाय लोक दारिद्र्याच्या फेऱ्यातून सुटणार नाहीत, असा त्यांचा मुद्दा होता. मग त्यांनी समितीपुढे प्रश्न ठेवले. पहिला प्रश्न: वीज खासगी मालकीची असावी की राज्याच्या? दुसरा: खासगी ठेवायची असेल तर जनतेच्या हितासाठी कोणत्या अटी घालाव्या लागतील?

एका मजूरमंत्र्याने हे १९४३ साली विचारणं म्हणजे थेट मुंबईच्या दुखऱ्या जागी बोट होतं. तेव्हा मुंबईत वीज कोणाची होती ते पाहा. शहरात बॉम्बे इलेक्ट्रिक सप्लाय अँड ट्रामवेज कंपनी, स्थापना १९०५. घाटावरच्या धरणांतून वीज बनवणाऱ्या टाटांच्या कंपन्या. खोपोलीची वीज १९१५ पासून मुंबईत येत होती. आणि उपनगरांसाठी बॉम्बे सबर्बन इलेक्ट्रिक सप्लाय, म्हणजे ज्येष्ठ मंडळी अजून जिला 'बीएसईएस' म्हणतात ती, स्थापना १९२९. ही कंपनी टाटांकडून वीज विकत घ्यायची आणि आपल्याला विकायची. स्वतःचं मोठं वीजकेंद्र तिने डहाणूला काढलं ते थेट १९९० च्या दशकात. म्हणजे साठेक वर्षं उपनगरातल्या माणसाला एकाने बनवलेली, दुसऱ्याने विकलेली वीज मिळत होती आणि दोघांपैकी कोणालाही तो निवडू शकत नव्हता.

टाटांच्या धरणांबद्दल एक गोष्ट जाता जाता. मुळशीच्या धरणासाठी मावळ्यांच्या जमिनी जात होत्या तेव्हा १९२१ साली सत्याग्रह उभा राहिला, सेनापती बापट त्याचे नेते झाले. शाळेत हा धडा देशभक्तीचा म्हणून येतो. तो मुंबईच्या विजेचाही धडा आहे: दिवा गिरणीत लागला, अंधार मावळात झाला.

आता मक्तेदारी या शब्दाकडे. बाबासाहेब १९१३ मध्ये कोलंबिया विद्यापीठात पोचले तेव्हा अमेरिकेत रॉकफेलरच्या स्टँडर्ड ऑइलचे तुकडे करण्याचा निकाल लागून दोनच वर्षं झाली होती. १८९० च्या शर्मन कायद्याखाली तिथल्या सर्वोच्च न्यायालयाने ती कंपनी ३४ कंपन्यांत फोडायला लावली होती. ते तिथे असतानाच १९१४ ला क्लेटन कायदा आला, व्यापार आयोग स्थापन झाला. अमेरिकेचं उत्तर होतं: मोठं झालं की फोडा, मग स्पर्धा होऊ द्या. बाबासाहेबांनी १९४७ साली जे उत्तर लिहिलं ते वेगळं आहे, आणि ते वेगळं का आहे हे समजल्याशिवाय आजची भांडणं समजत नाहीत.

मार्च १९४७ मधलं 'स्टेट्स अँड मायनॉरिटीज' आपल्याकडे राखीव जागा आणि स्वतंत्र वसाहती या दोन गोष्टींसाठीच उघडलं जातं. शेड्यूल्ड कास्ट्स फेडरेशनच्या वतीने घटना समितीला दिलेल्या त्या निवेदनात आर्थिक कलमं आहेत: मूलोद्योग राज्याच्या मालकीचे आणि राज्यानेच चालवायचे, पायाभूत उद्योगही राज्याच्या मालकीचे, विमा ही राज्याची मक्तेदारी, शेती सामुदायिक. आणि त्यामागचं कारण फार साधं. तुम्ही राज्याला म्हणता, अर्थव्यवस्थेत हात घालू नका, लोकांना स्वातंत्र्य द्या. पण मग ते स्वातंत्र्य मिळतं कोणाला? जमीनदाराला भाडं वाढवायला, कारखानदाराला तास वाढवायला आणि मजुरी कमी करायला. राज्याचा हात काढला की तिथे मोकळी जागा राहत नाही, खासगी मालकाची हुकूमशाही बसते. म्हणून हे सारं बहुमताच्या मर्जीवर न सोडता घटनेतच लिहा, अशी त्यांची मागणी होती.

ती मान्य झाली नाही. तिचा जो अंश उरला तो मार्गदर्शक तत्त्वांत आहे. अनुच्छेद ३९ (ख) म्हणतो, समाजाच्या भौतिक साधनसंपत्तीची मालकी व नियंत्रण सर्वांच्या हिताचं होईल असं वाटलं जावं. ३९ (ग) म्हणतो, अर्थव्यवस्था अशी चालू नये की संपत्ती आणि उत्पादनाची साधनं मूठभरांच्या हाती एकवटून सर्वांना अपाय होईल. वाचायला छान. पण अनुच्छेद ३७ मुळे यासाठी कोर्टात जाता येत नाही. आपले काही डावे मित्र नोव्हेंबर १९४८ चा दाखला देतात, की के. टी. शहांनी 'समाजवादी' शब्द घालायची दुरुस्ती आणली आणि आंबेडकरांनी ती नाकारली. नाकारली, खरं आहे. पण नाकारताना याच कलमाकडे बोट दाखवून ते म्हणाले की आशय इथे आहेच. अर्धा दाखला देणाऱ्याला पूर्ण दाखला देत चला.

पुढे विजेचं काय झालं? १९४८ साली वीज पुरवठा कायदा आला. तो संसदेत मांडला काकासाहेब गाडगीळांनी, पण त्याची जमीन १९४३ ते ४६ मध्ये मजूर खात्यात नांगरली गेली होती. राज्य वीज मंडळं आली, खेड्यात खांब गेले. मुंबईत मात्र एक विचित्र फाळणी झाली. ७ ऑगस्ट १९४७ ला महापालिकेने शहरातली कंपनी ताब्यात घेतली. तीच आपली बेस्ट. सायनच्या पलीकडे बेस्ट, अलीकडे खासगी कंपनी. भांडुप-मुलुंडला राज्याचं मंडळ. आपण कुर्लेकर मधल्या पट्ट्यात खासगी परवान्याखाली राहिलो. १९१० च्या वीज कायद्यात परवान्याची मुदत संपली की सरकारने तो उपक्रम विकत घ्यायची सोय होती. उपनगरांसाठी ती कधी वापरली गेली नाही.

"मग काय बिघडलं? वीज तर मिळाली," असं कोणी म्हणेल. दोन गोष्टी बिघडल्या.

पहिली नोकरीची. एकाच महानगरात, एकाच प्रकारच्या खांबावर दोन लाइनमन चढतात. बेस्टमध्ये आणि महावितरणमध्ये भरती होते तेव्हा राखीव जागा असतात; आमच्या ओळखीच्या कितीतरी घरांत पहिला पक्का पगार बेस्टच्या डेपोतून किंवा मंडळाच्या सबस्टेशनमधून आला, त्यावर मुलं शिकली. खासगी कंपनीवर ते बंधन नाही. सायनच्या पुलाची एक बाजू आणि दुसरी बाजू, एवढाच फरक. मक्तेदारीची चर्चा करणारे अर्थतज्ज्ञ नेहमी ग्राहकाला काय भाव पडला एवढंच मोजतात. आपण नोकरी कोणाला मिळाली हेही मोजलं पाहिजे.

दुसरी गोष्ट वस्तीतली. आम्ही ज्या गल्ल्यांत काम करतो तिथे कागद नाहीत म्हणून कित्येक खोल्यांना स्वतःचं मीटर नसतं. एका मीटरवाल्याकडून पाच-सहा खोल्या वायर ओढून घेतात आणि 'पॉइंट'प्रमाणे पैसे देतात: एक बल्ब, एक पंखा, एक टीव्ही. आता वीजदराचे टप्पे पाहा. शंभर युनिटपर्यंत कमी दर, पुढे चढत जाणारा. सहा गरीब घरं एका मीटरवर आली की ते मीटर वरच्या टप्प्यात जातं. म्हणजे गरिबासाठी ठेवलेला दर ज्याच्याकडे कागद आहे त्यालाच मिळतो, आणि ज्याच्याकडे काहीच नाही तो बंगल्याच्या दराने पंखा फिरवतो, वर मीटरवाल्याचा नफा वेगळा. २००३ च्या वीज कायद्याचं कलम ४३ सांगतं की जागेच्या मालकाने किंवा तिथे राहणाऱ्याने अर्ज केला की महिन्याभरात पुरवठा द्यायचा. 'राहणाऱ्याने' हा शब्द कायद्यात आहे. खिडकीवर गेल्यावर तो गायब होतो. गल्लीतली ही छोटी मक्तेदारी वरच्या मोठ्या मक्तेदारीच्या सावलीत वाढते.

मक्तेदारीविरोधी कायदे या देशात नव्हते असं नाही. १९६४ साली मक्तेदारी चौकशी आयोग बसला, १९६९ ला एमआरटीपी कायदा झाला, जून १९७० पासून लागू झाला. त्याचा आधार अनुच्छेद ३९ हाच होता. वीस कोटींच्या वर मालमत्ता असलेल्या घराण्यांना विस्तारासाठी परवानगी लागे. पण कुर्ल्याच्या माणसाने त्या काळाचं फार कौतुक करू नये. आपल्या इथेच प्रीमियर ऑटोमोबाइल्सचा कारखाना होता. वालचंद हिराचंदांची कंपनी. इथूनच फियाट आणि पुढे पद्मिनी बाहेर पडायची. देशात मोटारी बनवणाऱ्या इनमिन तीन कंपन्या, कारण परवानेच तेवढे. गाडीसाठी लोक वर्षानुवर्षं नंबर लावून बसत. मक्तेदारी रोखायचं म्हणणाऱ्या सरकारनेच परवान्यातून मक्तेदारी वाढवली, हे १९६९ च्या दत्त समितीने सरकारला सांगितलं होतं: परवाने मोठ्या घराण्यांनाच जास्त मिळाले. आज प्रीमियरच्या जमिनीवर कोहिनूर सिटी उभी आहे. राज्याचं नियंत्रण आणि जनतेची मालकी या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. बाबासाहेबांनी दुसरी मागितली होती. आपल्याला पहिली मिळाली, तीही मालकांच्या सोयीची.

१९९१ ला एमआरटीपीचे दात काढले. २००२ ला स्पर्धा कायदा आला आणि २००९ पासून स्पर्धा आयोग खऱ्या अर्थाने काम करू लागला. नवा कायदा म्हणतो, मोठं असणं गुन्हा नाही, मोठेपणाचा गैरवापर गुन्हा आहे. २०१२ साली याच आयोगाने संगनमताने भाव चढवल्याबद्दल अकरा सिमेंट कंपन्यांना सहा हजार कोटींच्या वर दंड ठोठावला. मग अपील, रद्द, पुन्हा आदेश, पुन्हा अपील. घर बांधणाऱ्याने सिमेंटच्या पोत्याला जादा दिलेला पैसा त्याच्या घरी परत आला असं आम्ही तरी पाहिलं नाही.

आणि नेमकी याच काळात कुर्ल्यात विजेची 'स्पर्धा' आली.

गोष्ट अशी. २००३ च्या आसपास बीएसईएस रिलायन्सकडे गेली. टाटा म्हणाले, आमच्या परवान्यातही उपनगरं आहेत, आम्हीही घरोघर वीज विकू. रिलायन्स म्हणाली, तुम्ही फक्त मोठ्या ग्राहकांना आणि आम्हाला विका. अपिलीय न्यायाधिकरणाने टाटांच्या विरोधात कौल दिला. ८ जुलै २००८ ला सर्वोच्च न्यायालयाने तो उलटवला: टाटा छोट्या ग्राहकालाही वीज देऊ शकतात. १५ ऑक्टोबर २००९ ला राज्य वीज नियामक आयोगाने त्याची वाट काढली. गल्लीत दुसरी वायर कोण टाकणार? म्हणून वायर जुन्या कंपनीचीच राहील, वीज नवी कंपनी विकेल आणि ग्राहक वायरचं भाडं भरेल. मुला, तुझ्या आईच्या बिलातला 'वहन आकार' तो हा.

वडापावच्या दोन गाड्या एका नाक्यावर लागू शकतात. विजेच्या दोन वायरी एका बोळात टाकणं म्हणजे दोन्हींचा खर्च शेवटी बोळातल्या लोकांनीच भरणं. वायर ही स्वभावानेच मक्तेदारी आहे. त्यामुळे २००९ नंतर आपल्याला निवड मिळाली ती विक्रेत्याची, वायरच्या मालकाची नव्हे. लाखो लोक कंपनी बदलून गेले, काही वर्षं बिल हलकंही झालं. हे नाकारणं खोटेपणा होईल. पण मग भांडण सुरू झालं की टाटा मोठे, फायद्याचे ग्राहक उचलतात आणि छोटे सोडतात. जुन्या कंपनीची तूट भरायला गेलेल्या ग्राहकावर अधिभार बसला. प्रकरणं आयोगात, न्यायाधिकरणात फिरत राहिली आणि दोन दरांतला फरक अधिभारांनी खात आणला. दोन भांडवलदारांच्या स्पर्धेत ग्राहक हा न्यायाधीश नव्हता, तो डाव होता.

या गदारोळात एक गोष्ट जवळजवळ आवाज न होता घडली. ऑगस्ट २०११ मध्ये उपनगरांच्या परवान्याची मुदत संपली. १९४३ चा प्रश्न पुन्हा विचारायची ती वेळ होती: खासगी की सार्वजनिक? वायर तरी महापालिकेने घ्यावी का? आपल्या एकाही गटाने, आम्ही तेव्हा विद्यार्थी चळवळीत होतो, आमच्याही नाही, यावर साधं पत्रक काढलं नाही. आम्ही त्या वर्षी कशावर सभा घेतल्या ते आठवतं. परवाना त्याच कंपनीला आणखी २५ वर्षांसाठी मिळाला.

आणि परवाना म्हणजे मालमत्ताच, ती विकताही येते. डिसेंबर २०१७ मध्ये १८,८०० कोटींचा करार झाला, २९ ऑगस्ट २०१८ ला हा धंदा अदानींकडे गेला. सुमारे ३० लाख ग्राहक एका हातातून दुसऱ्या हातात गेले. त्या वर्षअखेरीस वाढीव बिलांवरून उपनगरात ओरड झाली आणि आयोगाला चौकशी समिती नेमावी लागली. स्पर्धा कायद्याच्या नजरेत या विक्रीत काहीच गैर नव्हतं: एक गेला, दुसरा आला, बाजारातला वाटा तेवढाच. पण तोच उद्योगसमूह बंदरात, विमानतळात, वीजनिर्मितीत, पारेषणात आणि धारावीच्या पुनर्विकासात असेल, आणि त्या पुनर्विकासासाठी २०२४ साली नेहरूनगरच्या कुर्ला डेअरीची जमीन देण्याचा शासन निर्णय निघत असेल, तर हे कोणत्या एका 'बाजारात' मोजायचं? स्पर्धा आयोग एकेक बाजार वेगळा काढून पाहतो. अनुच्छेद ३९ (ग) पूर्ण अर्थव्यवस्था पाहायला सांगतो. कुर्ला डेअरीसाठी रस्त्यावर उतरलेले शेजारी आणि बिलासाठी रांगेत उभे राहणारे शेजारी एकच आहेत, पण दोन वेगळ्या रांगांत आहेत.

आपल्यातला एक वर्ग म्हणेल, दलित उद्योजक उभे करा, भांडवलशाहीच जात मोडेल. उद्योजक उभे राहावेत, आमचा विरोध नाही. पण जिथे वीज, वायर, बंदर आणि जमीन चार घराण्यांकडे आहे तिथे आपला उद्योजक त्यांचा कंत्राटदार होतो, स्पर्धक नाही. दुसरा वर्ग म्हणेल, सगळं सरकारी करा. त्यांना आम्ही वस्तीतल्या कागदाच्या खिडकीवर घेऊन जाऊ. ती खिडकी सरकारीही असते. बाबासाहेबांनी मालकी राज्याला मागितली ती घटनेच्या हमीसह, मर्जीसह नव्हे.

हे शक्य आहे का? भांडुप, मुलुंड, ठाणे, नवी मुंबई या महावितरणच्या पट्ट्यात अदानींच्या कंपनीने समांतर परवाना मागितला, तेव्हा जानेवारी २०२३ मध्ये राज्यातले वीज कर्मचारी ७२ तासांच्या संपावर गेले आणि पहिल्याच दिवशी सरकारला चर्चेला बसावं लागलं. न्यायालयांच्या बाजूने पाहिलं तर १९८९ च्या तिनसुखिया खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने वीज ही अनुच्छेद ३९ (ख) खालची समाजाची साधनसंपत्ती असल्याचं मान्य केलंय. ५ नोव्हेंबर २०२४ च्या नऊ न्यायमूर्तींच्या निकालाने, जो मुंबईच्याच जुन्या इमारतींच्या वादातून आला, सगळी खासगी मालमत्ता अशी साधनसंपत्ती नाही असं म्हटलं. पण एखादं साधन खासगी हातांत एकवटल्याचे परिणाम काय होतात, हे तपासायची कसोटी त्याच निकालात ठेवली आहे.

आता कामाचं. वीजदर ठरवण्याआधी कंपनीला आपला दरप्रस्ताव जाहीर करावा लागतो आणि कोणीही ग्राहक लेखी हरकत घेऊन सुनावणीत बोलू शकतो. आयोगाचं कार्यालय कफ परेडला वर्ल्ड ट्रेड सेंटरमध्ये तेराव्या मजल्यावर आहे. आम्ही 'पॉइंट'वर जगणाऱ्या खोल्यांची गल्लीवार यादी करायला घेतली आहे: किती खोल्या, किती मीटर, महिन्याला किती पैसे. ज्यांना वही धरता येते त्यांनी रविवारी विहारात यावं. आयटीआयचा तो मुलगा आता दुसऱ्या गल्लीची मोजणी करतोय. उपनगरांचा परवाना ऑगस्ट २०३६ मध्ये संपतो.